हे दुकान मी ओळखत नाही

प्रिय छकुली,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

आयुष्यभर वजनकाटे तपासले, ताजव्याखाली चुंबक लावणारे भामटे पकडले. पण कार्डातून गुपचूप पैसे ओढणाऱ्यांइतकी निर्लज्ज जमात पाहिली नाही. तुझ्या आईने महिनाभर फुकट म्हणून सिनेमाचं एक ॲप घेतलं, ते दोन वर्षं आमच्या जिवावर पोसलं जात होतं. मी व्यायामाचं घेतलं होतं. त्यापायी एकदाच वाकलो, तेही मोबाइल पडला म्हणून. बंद करायला जावं तर ते बटण कुठल्या तरी कोपऱ्यात, फिकट राखाडी. दाबलं की रडका चेहरा विचारतो, खरंच सोडून जाताय? शिसारी आली मला. चोर तो चोर, वर शिरजोर!

मग मी कंबर कसली. ज्या ज्या नावाची ओळख पटेना, त्यावर बँकेत हरकत घेतली. एका छोट्या दुकानाला तर वर्षभर दरमहा पैसे जात होते. तुझ्या आईला विचारलं, तर ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली. मला वाटलं, फसल्याची लाज वाटतेय बिचारीला. मी अर्जावर ठसठशीत लिहिलं, हे दुकान मी ओळखत नाही, लोक लबाड आहेत. सगळे पैसे परत आले. मी गड जिंकल्यासारखा घरी आलो, आणि तुझी आई त्या रात्री जेवली नाही.

परवा जुना चष्मा शोधताना तिच्या कपाटात चादरींमागे साबणाची खोकी सापडली. पत्ता शेजारच्या काकूंचा, पण अक्षर तुझं, ते डावीकडे कललेलं. नोकरी सोडून तू साबण करायला लागलीस, तेव्हा या घरात त्या धंद्याचं नाव काढायचं नाही, असा हुकूम मीच सोडला होता. तुझ्या आईने तो इतका पाळला, की दुकानाचं नावसुद्धा मला कळू दिलं नाही. त्या हुकमाची आणि तो सोडणाऱ्याची मला आज किळस येते.

मग तिने रडत सगळं सांगितलं. ते दरमहाचे पैसे तुझ्याच साबणाचे होते. कुणा दुष्ट गिऱ्हाइकाच्या तक्रारीमुळे तुझं खातं अडकलंय, तू दुकानाची जागा सोडायच्या बेतात आहेस. तिने ना तुला खरं सांगितलं, ना मला.

तो दुष्ट मीच. आज हरकत मागे घेतली, चूक माझी असं लिहून सही दिली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, दुकानदारालाही लेखी द्या, खातं सुटायला उपयोग होईल. म्हणून हे पत्र. तुझ्या बँकेला दाखव. वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक लिहून देतो, की या दुकानाची मालकीण माझी मुलगी आहे आणि ती गुंजभरही लबाड नाही. बाकी जे बोलायचं, त्यासाठी फोन तूच कर. माझी हिंमत होत नाही.

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
बाबा