एकटीला खोली

पूर्णा, १२ मार्च १९७६

दादा,
सप्रेम जय भीम.

स्टेशनामागच्या दोन खोल्या किरायानं द्यायला काढल्या, तवा तुमी म्हणला होतात, "पंचफुला, दारावर खिल्लारे लिहू नको. जात कळली की किरायदार फिरकायचा न्हाई." मी पाटी लावलीच. तीन महिने लोक पाटी वाचून परत जायचे. हे तुमाला कळवलं न्हाई.

काल कस्तुराबाई नावाची नर्स आली. पाटी वाचूनबी आत आली. खोली तिला आवडली. अन् मीच विचारलं, "नवरा कुठाय?"

"सोडलाय त्याला."

"मग एकट्या बाईला खोली कशी द्यावी?"

ती ट्रंक उचलून निघाली. परभणीत खोली शोधताना जात विचारली की आपली आई अशीच मुकाट्यानं बोचकं उचलायची. मला लय लाज वाटली. पळत जाऊन तिची ट्रंक धरली. "बाई, चुकले मी. चला घरात."

आज तिचा स्टो पेटलाय. दुसऱ्या खोलीचं तिच्या दवाखान्यातली आया विचारायलीय.

हे पत्र टाकणार न्हाई. माझी चूक तुमी आल्यावर तोंडानंच सांगीन. भिंतीपलीकडून कस्तुराबाई चहाला हाक मारायलीय, जाते.

तुमची बहीण,
पंचफुला