चुड्याखालची नाडी

तांडा, घाटंजीजवळ
कार्तिक, १९६१

प्रिय रुपी,

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी हाती पडलं आणि मी ते तिथंच मिरचीच्या पोत्यावर बसून वाचलं. ‘काका, बापूला समजवा, माझं नर्सिंगचं शिक्षण पुरं होऊ द्या,’ एवढंच तू लिहितेस. पोरी, तुझ्या बापाला समजवायचं कोणी? पुसदकडच्या पाव्हण्यांना त्यानं तुझ्या लग्नाचा शब्द दिला, पुनवेला नागपूरला येऊन तुला घेऊन यायचं ठरवलं. आणि लखीदादाचं एकदा ठरलं की तो मान खाली घालून चालू लागतो, मग मध्ये भिंत आली तरी भिंतीनंच सरकावं! बाकी घरी सगळं बरं आहे. काळ्या गाईला गोऱ्हा झाला. तुझ्या याडीचा, म्हणजे आमच्या वहिनीचा, खोकला गेला, आवाज मात्र होता तसाच आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत तू आलीस तेव्हा तांड्यात कोणाला सुखानं आजारीसुद्धा पडू दिलं नाहीस, आठवतं? दादाला खाटेवर आडवा करून श्वास मोजायला बसलीस, तर तो मुद्दाम छाती फुगवून धरायचा. ‘मले काय मोजतं? मी का कापूस हाव?’ मग तू युक्ती केलीस. नाडीवरची बोटं तशीच ठेवायची, नाडीच पाहतोय असं दाखवायचं आणि हळूच छातीकडे बघायचं. दादा फसला, चक्क घोरू लागला. याडीच्या हाताला तर नाडीच सापडेना. मनगटापासून वर सगळ्या बांगड्याच! तू गळ्याच्या बाजूला बोटं टेकवलीस, तर तिला गुदगुल्या होऊन ती उठूनच बसली. ‘आधी श्वास, मग नाडी, बेशुद्धाच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही,’ हे तर तू पोराटोरांकडूनही घोकून घेतलंस. दादा म्हणे, ‘हे शिकाले नागपूरले जा लागते काय?’

आता गेल्या आठवड्यातली गंमत ऐक. गंमत आज म्हणतो, तेव्हा ती गंमत नव्हती. दुपारी कापसाच्या वेचणीत शंकरसिंगची बायको धनीबाई ओळीतच कोसळली. डोळे मिटलेले, हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. सगळे धावले. एकीनं कांदा फोडला, एक पाण्याचा गडवा घेऊन तिचं तोंड उघडायला बसली. बिजलीबाईनं हात चाचपला आणि ओरडली, ‘नाडीच लागून नाई राह्यली! काढा ह्या बांगड्या!’ दोन उतरल्या मात्र, तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून धनीबाईच्या सासूनं ते पाहिलं. नवरा जिवंत असताना आपल्यात बाईचा चुडा उतरत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हातारीनं जागच्या जागी बसकण मारून हंबरडा फोडला, ‘माहा शंकर गेला वो!’ तिचं ऐकून बाकीच्याही रडू लागल्या. शंकरसिंग बिचारा गाडीजवळ बिडी ओढत होता. आपण मेलो हे कळल्यावर तो धावत आला आणि बायांच्या मधोमध उभा राहून बोंबलला, ‘अवो, मी हाव ना इथं! कायले रडता?’ पण ऐकतंय कोण! सासू त्याचाच पाय धरून त्याच्याच नावानं रडत होती.

त्या गलक्यात तुझा बाप गरजला, ‘सरका! हवा येऊ द्या! पानी तोंडात नका टाकू!’ तो गुडघ्यावर बसला, नाकाशी कान नेला, छातीकडे पाहिलं. ‘श्वास हाय.’ चुड्याला त्यानं हात लावू दिला नाही, गळा चाचपला. मग तिला कुशीवर वळवून सावलीत घेतलं, अंगावर ओलं लुगडं टाकलं आणि बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि रिकामं पोट. दिवस मावळायच्या आत धनीबाई उठून बसली, आधी आपल्या दोन बांगड्या मागितल्या आणि मग नवऱ्याला झापलं, ‘तुमाले मराले माहाच दिवस सापडला काय?’

 आणि काल दादा पुसदला जाऊन आला. पाव्हण्यांना सांगितलं, ‘पोरगी शिकून येईन, थांबता तं थांबा.’ पाव्हणे फुगलेत, फुगू देत. तेव्हा पुनवेला वाट पाहू नकोस, तो तुला न्यायला येत नाही. हे कळवायलाच हे पत्र. पण खरं सांगू, दादानं मला लिहायला बसवलं ते निराळ्याच कामासाठी. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, ‘रुपीले विचार. म्या धनीबाईच्या गयावर आंगठा ठेवलता. ठोके लागले, पन ते तिचे व्हते का माह्येच? माहं कायीज तं तवा चक्कीवानी चालू व्हतं.’ मी काय सांगणार, माझं शिक्षण काही तिथवर पोचत नाही. तर उत्तर त्याच्याच नावानं पाठव, मी वाचून दाखवीन. चुकला असेल तर चांगला रागव. तो ऐकून घेईल.

आशीर्वाद आणि याडीच्या ढीगभर सूचना पोचवणारा,
तुझाच
देवीलालकाका