मापाचा मास्क

नागपूर, रविवार

प्रिय पप्पा,

तुम्हाला, आईला आणि जेन्सनदादाला माझा जय ख्रिस्त. मी बरी आहे. वेळेवर जेवते, फक्त आपल्याकडच्यासारखा पाव इथे मिळत नाही.

रेडिएशनच्या ट्रेनिंगचं हे दुसरं वर्ष फार दमवतंय. रोज कॅन्सरचे चाळीस पेशंट, प्रत्येकाला टेबलावर अगदी कालच्याच जागी झोपवायचं. हॉस्टेलवर आले की चपला काढायचाही कंटाळा येतो.

गळ्याच्या पेशंटने हलू नये म्हणून त्याला जाळीचा मास्क बसवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबायची, की झालं माप. शिकताना आम्ही एकमेकींचे केले. आत बोलता येत नाही, पप्पा.

काल एका आजोबांचे उपचार संपले. तुमच्यासारखीच त्यांचीही भाजी-केळीची वाडी आहे. जाताना त्यांनी आपला मास्क मागून घेतला. म्हणाले, "वांग्यांत बुजगावण्याला लावतो." आम्ही खूप हसलो. मग त्यांची फाईल ठेवताना पहिलं पान वाचलं. उपचारांआधी तीन महिने नुसता आवाज बसला होता, दुखत काहीच नव्हतं.

आई म्हणाली, बाजारात हल्ली गिऱ्हाइकांना हाका मारायला तुम्ही दादाला उभं करता. फोनवर आवाजाचं विचारलं की तुम्ही केळीच्या घडांचा विषय काढता, म्हणून लिहितेय.

उद्याच गळा दाखवून या. मला तुमच्या चेहऱ्याचं माप घ्यायला लावू नका.

तुमची,
रोवेना