मोईज मस्कतला जाण्याआधीचा एक गेम

१२ जानेवारी, रविवार. अमरावती.
संकल्प : यापुढे क्राउडफंडिंगवर, म्हणजे गेम तयार होण्याआधीच पैसे भरून, एकही रोलप्लेइंग गेम घ्यायचा नाही. चार मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी फासे टाकत तिच्यात शिरायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी दर आठवड्याला पन्नास नवी पुस्तकं? उदास रोबोट, शेती करणाऱ्या चेटकिणी, पोस्टात नोकरी करणारी मांजरं. खेळणाऱ्यांपेक्षा लिहिणारे जास्त झालेत. हा कचरा आहे हे मी अधिकारानं म्हणू शकतो. माझ्याकडे दोन कपाटं भरून आहे.

१४ जानेवारी.
अकोल्याहून मोईजचा फोन. कॉलेजात आम्ही तिघं खेळायचो : मी, मोईज, नितेश. मोईजला मस्कतला नोकरी लागली, २४ फेब्रुवारीला जातोय. म्हणाला, "जायच्या आंधी एक डाव होऊन जाऊ दे. तूच चालव." हो म्हटलं. कपाटातलाच एखादा काढू.

१६ जानेवारी.
कपाट उघडलं. योग्य असा एकही नाही. बहुतेकांचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, पण अनुभवी माणसाला कव्हरवरून कळतं.

१९ जानेवारी.
क्राउडफंडिंगचं नवं कॅम्पेन दिसलं. सोपा गेम, एका बैठकीत संपणारा. घेतला. संकल्प मोडला नाही. तो माझ्यासाठी होता, हा मोईजसाठी आहे.

२ फेब्रुवारी.
निर्मात्याचा ईमेल : फाशांचा निळा रंग मनासारखा येत नाही, उशीर होईल. अशी निष्ठा हल्ली दिसत नाही. प्रियदर्शनी म्हणाली, "अहो, त्या कपाटातलं एखादं उघडा ना." लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी बायकोला गेमची सिस्टीम म्हणजे काय ते कळत नाही.

९ फेब्रुवारी.
मोईज : "शेखऱ्या, तू येऊन राहिला का नाई?" पुढच्या रविवारी नक्की, म्हटलं. तेवढ्यात नियमांची पीडीएफ आली. ३१२ पानं. बैठक जरा लांबेल.

१६ फेब्रुवारी, रविवार. परतीच्या एसटीत.
दुपारी बारा वाजता जुन्या शहरात मोईजच्या घरी पोचलो. पीडीएफची प्रिंट, शिवाय संदर्भाला नऊ पुस्तकं. दोन तास नियम समजावले. कॅरेक्टर बनवण्याचा चौथा टप्पा चालू असताना नितेशनं विचारलं, "मंग खेळ कवा सुरू होते?" हाच तर खेळ आहे, म्हटलं. मोईज भिंतीला टेकून पेंगत होता.
मोईजची बायको मिस्बाह चहा घेऊन आली. म्हणाली, "शेखरभाई, मी सांगू का एक?" मुलीच्या लुडोतला फासा घेतला. "मोर्णा नदीच्या पुलावर धुकं हाय. पल्याडून कोनीतरी तुमचंच नाव घेऊन हाका मारून राहिलं. काय करान?"
मोईज ताडकन उठून बसला. दोन तास ते तिघं ओरडत होते, हसत होते. पुलावरून घसरण्याचा नियम पान ८८ वर आहे, हे मी दोनदा सांगितलं. शेवटी मोईजच्या पात्रानं पुलावर उभं राहून सगळ्यांचा निरोप घेतला. नितेश रडला. लुडोच्या फाशावर हे असं होतं, बॅलन्स नसतो.

२४ फेब्रुवारी.
मोईज गेला. मुंबईच्या गाडीवर सोडायला जायचं होतं, पण त्याच वेळी गेमच्या निर्मात्याचं ऑनलाइन लाइव्ह होतं. निळा रंग जमला.

९ मार्च.
नितेशकडून कळलं : मिस्बाहची गोष्ट दर रविवारी व्हिडिओ कॉलवर चालू आहे. मोईज मस्कतहून खेळतो. मला का नाही सांगितलं? म्हणाला, "तुले बोअर होते वाटलं."
मिस्बाहला फोन केला. रागावलो नव्हतो, सहज. म्हणाली, "या ना शेखरभाई. फक्त पुस्तकं नका आणू."
विचार करून सांगतो, म्हटलं.

१६ मार्च, रविवार.
विचार चालू आहे. एक वेगळं कॅम्पेन दिसलं, लगेच घेतलं. यात गोष्ट चालवणारा गेम मास्टर लागत नाही, मित्र लागत नाहीत. एकट्यानं खेळायचा.
डिसेंबरात येईल.