वेनने शेवटपर्यंत पाहिलेला खेळ

तुमच्या त्या मंचावर बसून देणगी देणाऱ्यांचे निरोप वाचून दाखवणारा पोरगा खोटारडा आहे. मी लिहून पाठवलं होतं, ‘ताठ बस, पाठीचा कोयता झालाय.’ त्याने माईकवर वाचलं, ‘मिशिगनहून एक गोड आजी म्हणतात, शाब्बास बाळा.’ मी जन्मात कुणाला शाब्बास बाळा म्हटलेलं नाही. दान माझं, नाव माझं आणि तोंड त्याचं.

प्रिय एली,

असो. भांडायचंही बळ उरलेलं नाही आता. शेजारच्या आयलीनने तुझा खेळ बघायला मला कम्प्युटर लावून दिला, माझी सगळी कॉफी प्यायली आणि गेली. तेवढ्यात वेन आला, तुझा बाप. म्हणे पाण्याचा पाइप गोठलाय का बघतो. पाइप धड होता. टोपी काढली आणि तुझ्या आजोबांच्या खुर्चीत बसला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सगळ्यांदेखत तो म्हणाला, ‘तिशीचा घोडा झाला, अजून पडद्यावरच्या बाहुल्या पळवतो,’ आणि तू ताट अर्धं टाकून निघून गेलास, तेव्हापासून दोन हिवाळे वेनने तुझं नाव काढलेलं नाही. तूही काढलं नाहीस म्हणा. दोघं एकाच झाडाचे ओंडके.

तू खेळायला बसलास तशी त्याची चौकशी सुरू झाली. मी सांगितलं, हा खेळ रमतगमत खेळायचा नसतो, जमेल तितक्या झटपट संपवायचा असतो आणि ते बघून लोक कॅन्सरच्या पेशंटांसाठी पैसे देतात. मग तू ती भिंतीच्या आरपार जायची उडी मारलीस आणि थेट दरीत. माझ्याकडे राहायचास तेव्हा जरा पाय घसरला की पहिल्यापासून सुरू करायचास. खेळाच्या सुरुवातीचा तो मेला लाकडी पूल बघून बघून मला कंटाळा आला होता. वेन म्हणाला, ‘आता पुन्हा पहिल्यापासून लागेल.’ मी म्हटलं, तिथे ती सोय नाही. मागे दुसरा खेळाडू खोळंबलेला असतो. पडलास तर पडलास, तिथूनच पुढे. सोफ्यावर तुझ्या मागे बसलेला तो तुझा दाढीवाला मित्र म्हणाला, ‘चला मंडळी, एलीसाहेब आता आपल्याला नदीकाठची सहल घडवतायत.’ सगळे हसले, तूही हसलास आणि लांबच्या वाटेने गेलास. वेन हलला नाही. मी दिलेली मांस-बटाटा भरलेली पेस्टी त्याच्या मांडीवर गार झाली. जाताना दारात एवढंच म्हणाला, ‘पडला, पण उठून गेला नाही.’

आता मुद्द्याचं. पेस्टी गार झाली ती काही खेळापायी नाही. त्याला गिळवत नाही. कॅन्सर आहे, घशाचा. पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढणार आहेत. मग तो पाटीवर लिहील किंवा गळ्याला यंत्र लावून बोलेल, पण हा आवाज गेला तो गेला. एलीला सांगू नकोस म्हणाला. मी हो म्हटलेलं नाही. रविवारी चर्चमधून आल्यावर त्याला माझ्या फोनवरून तुझा नंबर लावून देणार आहे. माफीबिफीची वाट बघू नकोस. तिकडे बर्फ किती पडला विचारेल, गाडीचं तेल बदललंस का विचारेल. तू सांग. हळूहळू सांग, घाई इथे करायची नाही. आणि फोन त्या दाढीवाल्याने उचलून एली झोपलाय म्हणायचं नाही. तू उचलायचास.

तुझीच,
आजी टोइनी