पाणपिसवांचा पाहुणचार

५ जानेवारी
जेवणाच्या टेबलावर वीस बाटल्या! कॉलेजच्या प्रयोगशाळेला रंग देताहेत, म्हणून पाणपिसवा, बाटलीत एकेक, आमच्याकडे मुक्कामाला. तिरुनीलक्कुडीच्या तळ्यातल्या, तिळापेक्षा लहान. परवाच सगळ्यांना बुरशीची लागण करून झाली. नऊ तारखेपासून अर्ध्यांना सकस शेवाळ, अर्ध्यांना निकस — फॉस्फरस जवळजवळ नसलेलं. रोग कुणात जास्त बळावतो, एवढाच प्रश्न. उत्तर सतरा तारखेच्या आत हवं, नाहीतर माझी फेलोशिप बंद. श्रीदेवी मॅडमनी, माझ्या गाइडनी, हे गोड हसून सांगितलं.

६ जानेवारी
अप्पा तासातासाला येऊन वाकून बघतात. "अनुषा, काय खातात गे ह्या पोरी?"

८ जानेवारी
मेले! चार दिवस तिरुचीला ट्रेनिंग, निरोप आज आला आणि निघायचंही आजच. दोन्ही शेवाळांच्या बाटल्या अप्पांच्या हाती दिल्या. "कुठल्याही दहांना हे निकस, बाकीच्यांना सकस. उद्यापासून रोज. निकसवाल्यांवर खूण करा."
"सरी, बरं. म्हणजे दहा जणींना उपास!" एकदम खूश. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारा माणूस — यांच्याहून भरवशाचं कोण मिळणार?
रिक्षा आली.

१२ जानेवारी
परत. एकही बाटली सांडली नाही. दहांवर गोपीचंदनाचे ठिपके! हसून हसून पोट दुखलं.

१३ जानेवारी
भोगी. कॉलेजात रंगाचा वास, पण सूक्ष्मदर्शक जागेवर. दिवसभर मोजलं. सकस खाल्लेल्यांच्या अंगात बुरशीचे बीजाणू खच्चून भरलेले. ठिपकेवाल्यांत नावाला!
मला वाटलं होतं नेमकं उलटं — पोटभर खातील त्या रोगाशी झुंजतील. झालं काय, तर खाणं पिसवांचं आणि बाळसं बुरशीला. आयत्या बिळावर नागोबा! पुन्हा मोजलं. तेच. जिना उड्या मारत उतरले.

१७ जानेवारी
निष्कर्षांचा गोषवारा फेलोशिपच्या ऑफिसात, चेन्नईला गेला. मॅडमनी फेलोशिपच्या कागदावर सही केली, वर कॉफीही पाजली. "असं काही निघेल असं मलाही वाटलं नव्हतं," म्हणाल्या. मॅडम! दोन वर्षांत पहिल्यांदा. फार फार बरं वाटतंय.

१९ जानेवारी
सहज विचारलं — अप्पा, दहा निवडल्या कशा?
"त्यांत काय निवडायचें? ज्या टुणटुणीत उड्या मारीत होत्या त्यांना उपास. कांहीं पांढरट पडून बसल्या होत्या. पावम्, बिचाऱ्या! आजाऱ्याला कोण उपास घालतो? शास्त्रांतच नाहीं तें."
म्हणजे सकस खाल्लेल्या आधीपासूनच आजारी होत्या. शेवाळाने काय केलं, मला काहीच माहीत नाही.
मॅडमना फोन लावलाय. वाजतोय.