शुक्रावर क्रशर नाही

हैदराबाद, ५-२-१९८९
ती. गोपीनाथकाकांस, उत्तमचा सा. न. वि. वि.
दगडात शिकण्यासारखं असतं तरी काय, असं तुम्ही विचारलंत. काका, दगडामुळेच आपण जिवंत आहोत. पावसात खडक झिजतो आणि झिजताना हवेतला कार्बन वायू गिळतो. तो समुद्राच्या तळाशी जातो, ज्वालामुखी परत वर सोडतात. म्हणून पृथ्वी फार तापत नाही की गोठत नाही. शुक्रावरचं पाणी संपलं, खडक वायू गिळेना, भट्टी झाली. मंगळ आतून थंड पडला, ज्वालामुखी विझले, तो गारठला.
आईचा खोकला कसा आहे? ती काही कळवत नाही.
लोभ असावा, आईवर जरा जास्त.
आपला, उत्तम

शीळफाटा, १२-२-१९८९
चि. उत्तम यास अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून छाती फुगली. मला वाटायचं मी खडी पाडतो. मी तर पृथ्वी सांभाळतोय! शुक्रावर एखादा क्रशर असता तर त्याच्यावर ही वेळ आली नसती.
आता घरचं. ठमावहिनीने, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, माझा क्रशर बंद करा म्हणून अर्ज दिलाय. धुळीने दम लागतो म्हणे. अर्ज देऊन परत आली ती माझ्याच ट्रकमधून, वर ड्रायव्हरला बजावलं, हळू चालव. पुढच्या सोमवारी तहसीलदार साहेब चावडीवर दोघांचं ऐकणार. तिथे तुझं पत्र वाचतो. घरात शास्त्रज्ञ असताना वकील कशाला?
लोभ आहेच, सोमवारनंतरही ठेव.
गोपीनाथकाका

हैदराबाद, १६-२-१९८९
ती. काकांस सा. न. वि. वि.
ते पत्र वाचू नका. खडकाच्या त्या कामाला लाखो वर्षं लागतात. तुमच्या धुळीने पृथ्वी वाचत नाही, आईची छाती मात्र भरते. तिला दम लागतो हे मला तुमच्याकडून कळावं, आणि तेही थट्टेत!
रागावलोय, तरी नमस्कार.
उत्तम

शीळफाटा, २२-२-१९८९
चि. उत्तम यास आशीर्वाद.
तुझं दुसरं पत्र सोमवारी सकाळीच मिळालं. खिशात घातलं आणि पहिलंच वाचलं. साहेब खूश, शुक्राच्या चौकशा करू लागले. मग वहिनी उठली. म्हणाली, माझ्या पोराने लिहिलंय तर खरंच असणार, अर्ज परत द्या. सगळ्या गावाकडे अशी बघत होती, जशी काही पृथ्वी तूच घडवलीस.
मी जिंकलो. मग ती खोकायला लागली. साहेब गेले, चहा झाला, तरी खोकतच होती. वीस वर्षं क्रशरच्या आवाजात काढली, पण कान अजून शाबूत आहेत रे.
मंगळवारपासून क्रशर बंद आहे. विचारणाऱ्याला सांगतो, पट्टा तुटलाय. वहिनीला खरं कळवू नकोस. तुझं शास्त्र खोटं पडू नये म्हणून ती स्वतः उभी राहून तो चालू करायला लावेल.
राग ओसरला की लोभ ठेव.
गोपीनाथकाका